लिहून देणार

दौंडच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरात माझं एक नाव आहे आणि शिरूरच्या रेशन कार्डावर दुसरं. दोन्हींच्या मधे ताटभर तांदूळ आहेत, बाकी काही नाही. 1984 साली वैशाखात लग्न झालं. नणंदेचं आणि माझं नाव एकच निघालं. एका घरात एका नावाच्या दोघी नकोत, म्हणून सासूबाईंनी आदल्या रात्रीच नवं नाव ठरवून ठेवलं होतं. मालकांनी अंगठीने ते तांदळात लिहिलं, पेढे वाटले, झालं. ना प्रतिज्ञापत्र, ना साक्षीदार, ना राजपत्र. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी त्या नावाने हाक मारली आणि मी चुलीपुढे बसलेली, वळून पाहिलंच नाही. “हिला ऐकू कमी येतं की काय?” असं मोठ्या जाऊबाई म्हणाल्या.

ते नाव इथे लिहीत नाही, आधीचंही नाही. छत्तीस वर्षं शिरूरच्या कचेरीबाहेर बसून लोकांची नावं टाइप केली, आता नावांना जरा विसावा.

1987 साली मालकांचं कापडदुकानातलं काम सुटलं आणि माहेरी शिकलेलं टायपिंग कामाला आलं. मराठी तीस शब्दांची सरकारी परीक्षा मी लग्नाआधी दौंडला पास झाले होते. गोदरेजचं जुनं मशीन, दोन कार्बन, लिंबाखाली एक टेबल. कचेरीबाहेर बसणाऱ्यांचीही उतरंड असते. वर वकील, मग नोटरी, मग मुद्रांक विकणारे, मग अर्जनवीस, त्याखाली आम्ही टाइप करणारे, आणि सगळ्यात तळाला झेरॉक्सवाला, जो पुढे आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कमवायला लागला. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. फडणवीस, चिटणवीस यांची आडनावं झाली, वाडे झाले. अर्जनवीस मात्र झाडाखालीच राहिला.

माझ्याकडे येणाऱ्या दहा कागदांत तीन-चार तरी नावाचे असायचे. सातबाऱ्यावर एक, मार्कशीटवर दुसरं, तोंडात तिसरं. या सगळ्यावर कचेरीने एकच औषध काढलेलं आहे, ते म्हणजे ‘उर्फ’. गंगूबाई उर्फ गंगाबाई, बाळू उर्फ बाळासाहेब. आणि खाली एक ठरलेलं वाक्य : वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे. हे वाक्य मी किती हजार वेळा बडवलं असेल, देव जाणे. माणसाला स्टँपपेपरवर लिहून द्यावं लागतं की मी मीच आहे. आणि तो स्टँपही मुळात लागत नाही. शासकीय कामासाठीच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क सरकारने 2004 सालीच माफ केलं. तरी खिडकीवरचा माणूस स्टँप मागतोच, आणि गरजवंत आणतोच.

गावांना मात्र असलं काही लागत नाही. आमच्या शिरूरचंच बघा. एसटीच्या पाटीवर शिरूर, जुन्या माणसांच्या तोंडी घोडनदी. इंग्रजांची छावणी इथे घोडनदीच्या काठी होती, त्यांच्या कागदांत हे ‘सिरूर’. माझं माहेर दौंड, ते त्यांच्या लेखी ‘धोंड’. माझ्या आजोबांच्या रेल्वेतल्या नोकरीच्या कागदांवर तेच स्पेलिंग होतं, आणि एखाद्या जंक्शनला गळ्यातली धोंड म्हणावं हे त्या साहेबांना कुणी समजावून सांगितलं नसावं. तो मुलूख त्याआधी भीमथडी. तालुक्याचं ते नाव गेलं आणि पुण्यातल्या जत्रेला तेवढं उरलं. घोडनदीचा पूल ओलांडला की पलीकडे नगर जिल्हा, तो 2024 साली अहिल्यानगर झाला. हे एक नामांतर मात्र रीतसर राजपत्रातून झालं.

पण नाव बदलण्याची आमच्या गावातली सगळ्यात भारी गोष्ट कर्नल वॉलेसची. हा इंग्रज अधिकारी 1809 साली शिरूरला वारला. त्याचं थडगं इथेच आहे. पुढे आसपासच्या गावांतले लोक सुगीचं पहिलं धान्य त्या थडग्यापुढे नैवेद्य म्हणून ठेवायला लागले आणि कर्नल वॉलेसचा झाला ‘सत्पुरुष’. इंग्रज सरकारच्या गॅझेटियरमध्ये ही नोंद आहे. धर्म बदलला, नाव बदललं, पद बदललं, तेही मेल्यावर, आणि कुणी विचारलं नाही, पुरावा काय.

पुरावा. या शब्दावर आमचा धंदा चालतो.

2023 च्या हिवाळ्यात मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून सगळीकडच्या तहसिलांच्या रेकॉर्ड रूम उघडल्या गेल्या. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमलेली होती, मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो भाव आला होता. ओळखीच्या एका मोडीवाचकाला चहा द्यायच्या निमित्ताने मीही आत डोकावले. कोतवाल बुकं, म्हणजे गाव नमुना चौदा, गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी वही. पानं इतकी कुजलेली की फुंकर मारायचीही भीती. तो वाचत होता, मी ऐकत होते. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगी. मी म्हटलं, “अहो, पण नाव?” तो म्हणाला, “नाव नाहीच बाई. बारसं व्हायच्या आधी नोंद होते, नाव कुठून येणार?”

छत्तीस वर्षं नावांत घालवून मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्याखालच्या नियमांतही नाव मागाहून घालायला पंधरा वर्षांची सवड आहे. पण त्या दिवशी ते पानावर पाहिलं. सरकार पहिल्या दिवशी नाव विचारतच नाही. मुलगा की मुलगी, एवढंच विचारतं, आणि ते सांगायला जो यायचा तो पोराचा बाप असायचा, नाहीतर पोलीस पाटील. मग ती रेघ जन्मभर पुढे चालते. शाळेत जाते, रेशन कार्डात जाते, मतदार यादीत जाते.

नावाचं तसं नव्हतं. ते बदलायची चाल आपल्याकडे जुनी आणि सढळ. आधीची पोरं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, कचरू, भिकू ठेवायचं, म्हणजे यमाची नजर जात नाही. माझ्या टेबलापुढे किती दगडू आणि कचरू बसून गेले. बहुतेकांना नोकरी लागल्यावर आठवण व्हायची. 1956 च्या धर्मांतरानंतर आमच्या भागातल्या वस्त्यांमधून ही नावं एका पिढीत नाहीशी झाली आणि सिद्धार्थ, गौतम, राहुल आले. राजपत्रात ‘धर्मात बदल’ असा वेगळा रकानाच असतो. आणि मुलगा हवा असताना मुलगीच झाली, तर तिचं नाव नकुशी. साताऱ्यात 22 ऑक्टोबर 2011 ला जिल्हा परिषदेने अशा 285 मुलींना एका कार्यक्रमात नवी नावं दिली. पेपरात फोटो आला होता, पोरी हातात प्रमाणपत्र धरून उभ्या. आमच्याकडेही एक नकुशी आली होती, पण ती साठीची. म्हणाली, “आता कशाला बदलू? नातवंडं नकूआजी म्हणत्यात, गोड वाटतंय.” तिला नाव बदलायचं नव्हतंच, निराधारच्या पगारासाठी वयाचा दाखला हवा होता.

शिरूरहून माहेरी जायचं तर न्हावऱ्यावरून, भीमा ओलांडून पारगाव, मग केडगाव, चौफुला. तासा-दीड तासाचा रस्ता, आणि नावांचं म्हणाल तर अख्खं पुस्तक. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. डोंगऱ्यांची रमा, लग्नानंतर मेधावी, कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेलं ‘पंडिता’, 1883 साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला तेव्हा ‘मेरी रमा’. एवढी नावं पचवून बाई 1922 साली केडगावातच वारल्या, आणि गावाने लक्षात ठेवलं ते पंडिता रमाबाई. 1896 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणून इथे वाढवल्या. तशा घरांमधून आलेल्या एका म्हातारीचं प्रतिज्ञापत्र मी केलं होतं. बापाच्या नावाची जागा मोकळी. खिडकीवरचा म्हणे, काहीतरी लिहा. म्हातारी म्हणे, खोटं कसं लिहू. अर्ज तीन वेळा परत आला.

पुढे चौफुला, तिथे लावणीची थिएटरं. तिथल्या बायकांचे कागद हा वेगळाच अभ्यास. स्टेजवरचं नाव एक, रेशन कार्डावर आईचं नाव पुढे. आपल्याच जिल्ह्यातल्या विठाबाईंचं नाव आठवा : विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. बाप, जात आणि गाव, तिन्ही आहेत. नवऱ्याचा पत्ता नाही. राष्ट्रपतींच्या हातून पदक घेतलेल्या या बाईला तांदळाचं ताट लागलं नाही.

आम्हा बाकीच्यांचं जुनं नाव कागदावर परत आलं ते जमिनीमुळे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा, हा कायदा महाराष्ट्राने 1994 साली केला, देशाने 2005 साली. त्याच सुमाराला रांजणगावला एमआयडीसी आली आणि नगर रोडच्या माळाला सोन्याचा भाव आला. मग भावांना बहिणींची हक्कसोडपत्रं लागायला लागली. हक्कसोड करायची तर सातबाऱ्यावरची ‘कु.’ आणि आधार कार्डावरची ‘सौ.’ एकच, हे सिद्ध करायला हवं. बहिणीचं माहेरचं नाव भावाला तीस वर्षांनी आठवलं ते असं. मी त्या काळात दिवसाला सहा-सहा ‘एकच व्यक्ती’ टाइप केली. बऱ्याच बायका आपलं जुनं नाव सांगताना लाजायच्या, दुसऱ्याच कुणाचं सांगितल्यासारख्या. आता 1 मे 2024 पासून जन्मलेल्या पोरांच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग बापाचं, असा शासनाचा निर्णय आहे. चांगलंच आहे. माझा आपला टायपिस्टचा प्रश्न : आईचं कोणतं, तांदळाच्या आधीचं की नंतरचं?

ज्याला नाव मुळापासून बदलायचं, ‘उर्फ’ लावून भागवायचं नाही, त्याला राजपत्र. महाराष्ट्र शासन राजपत्र, भाग दोन. मुंबईला चर्नी रोडला सरकारी छापखाना आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्र, फोटो, फी, आणि बदलाचं कारण. मग एका आठवड्याच्या अंकात, वर ‘गुरुवार ते बुधवार’ आणि शकाची तारीख, खाली बारीक टायपात जुने नाव, नवीन नाव. ज्योतिषाने सांगितलं म्हणून बदलणारे, घटस्फोटानंतर बापाच्या नावावर परत जाणाऱ्या, पासपोर्टसाठी स्पेलिंग दुरुस्त करणारे, सगळे एका रांगेत. मला ती पानं फार आवडायची. आणि त्या पानांवर सरकार स्वतःच सांगून मोकळं होतं, की या मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी आमची नाही. तुम्ही म्हणता तेच आम्ही छापलं. नावाच्या बाबतीत सरकार इतकं उदार आहे.

2013 च्या श्रावणात माझ्या टेबलापुढे एक जण येऊन उभी राहिली. लाल काठाची साडी, खांद्याला रेक्झिनची पिशवी. झाडाखालची कुजबूज थांबली म्हणून मी मान वर केली. वय असेल तेवीस-चोवीस. शिरूर तालुक्यातल्याच एका गावची, पण पाचेक वर्षं दौंडला गुरूकडे राहत होती. दौंड-मनमाडच्या गाड्यांमध्ये मंगती करायची. टाळ्या वाजवत आली असती तर मी पाच रुपये काढून दिले असते. ती अर्ज घेऊन आली होती. म्हणाली, “मावशी, रेशन कार्डात नाव घालायचंय. माझं नाव.” पिशवीतून शाळा सोडल्याचा दाखला काढला, त्यावर मुलाचं नाव. बापाच्या नावाच्या जागी तिला गुरूचं नाव हवं होतं.

मी दौंडची आहे म्हटल्यावर ती जरा टेकली. आमची लोको शेड, स्टेशनबाहेरचा वडापाव, असं बोलणं झालं. मी मशीनवर कागद चढवला आणि नेहमीचं सुरू केलं : मी खाली सही करणार, वय अमुक वर्षे, धंदा... इथे थांबले. धंदा काय लिहू? ती म्हणाली, “मजुरी लिहा. हातच वाजवते, मजुरीच की.” मग रा., ता., जि., आणि पुढे : सत्यप्रतिज्ञेवर लिहून... मी ‘देते’ टाइप केलं.

कागद घेऊन एका नोटरीकडे ती स्वतःच गेली आणि दहा मिनिटांत परत आली. त्यांचं म्हणणं असं : दाखल्यावर पुरुष आहे, प्रतिज्ञापत्रात ‘देते’ आहे, मी यावर शिक्का मारणार नाही. ‘देतो’ करून आणा. तिने तो कागद माझ्यासमोर धरला. “देतो लिहिलं तर खोटी शपथ होईल ना, मावशी?”

इंग्रजीत बरं असतं. तिथे ‘मी’च्या पुढे काही चिकटत नाही. आपल्या मराठीत तोंड उघडलं की कळतं, जातो की जाते. मी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि रात्रभर तो कागद डोक्यात फिरला. सासऱ्यांच्या ट्रंकेत त्यांच्या वडिलांची जुनी खरेदीखतं होती, ती काढून बसले. आणि तिथे ते सापडलं. जुना दस्त लिहिणारा माणसाला ‘तो’ही म्हणत नाही, ‘ती’ही म्हणत नाही. म्हणतो, लिहून घेणार आणि लिहून देणार. विधवा असो, पाटील असो, मारवाडी असो, लिहून देणार. आणि ‘लिहून दिले’ म्हटलं की क्रियापद कागदाच्या मागे जातं, माणसाच्या मागे जात नाही. मी लिहून दिले, हे बाप्याही तसंच म्हणतो आणि बाईही तसंच.

मग सगळा कागद त्या वळणाने घातला. ‘मी राहते’ काढून ‘माझे वास्तव्य’. ‘मी जन्मले’ काढून ‘माझा जन्म’. ‘मी ओळखली जाते’ याच्या जागी ‘या नावाने मला ओळखतात’. शेवटी, येणेप्रमाणे लिहून देणार यांनी हे प्रतिज्ञापत्र लिहून दिले असे. एक पान, सतरा ओळी, कुठे बाई नाही की बाप्या नाही. नोटरींनी दोनदा वाचलं, चष्मा काढून परत वाचलं आणि शिक्का मारला. आयुष्यात मी याहून चांगलं मराठी लिहिलेलं नाही.

रेशन कार्ड मात्र मिळालं नाही. मतदार यादीत ‘इतर’ असा रकाना निवडणूक आयोगाने 2009 सालीच दिला होता, 2011 च्या जनगणनेतही ‘इतर’ मोजले होते, महाराष्ट्रात 40,891. पण पुरवठा शाखेच्या अर्जात दोनच चौकोन होते.

पुढचं बरंचसं पेपरातून कळलं. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाचा नाल्सा निकाल आला, न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि सिक्री यांचा. आपण कोण हे ज्याचं त्याने सांगावं, त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती नको, असा. त्या लढ्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी होत्या, मूळच्या पुण्याच्या गौरी सावंत होत्या. मी कात्रण काढून काचेखाली ठेवलं. ती 2016 साली परत आली तेव्हा तिनेच ते आधी पाहिलं. त्या खेपेला राजपत्राचा अर्ज केला आणि नाव बदललं, फारशी खळखळ न होता. नावाबाबत सरकार उदार, म्हटलं ना. मुलगा-मुलगी या रेघेला मात्र ते राजपत्र कुणी लागू द्यायला तयार नव्हतं. म्हणजे सहा वर्षं तिच्याकडे मुलीचं नाव होतं आणि पुढे ‘पुरुष’.

तिच्याच सोबत एकदा एक शिकलेली पोरगी आली होती, पुण्याच्या कुठल्या संस्थेत काम करणारी. तिने सांगितलं की देशावरच्या हिजड्यांना मराठेशाहीत इनामं होती, घरोघर मागायचा वतनी हक्क होता, आणि तो गुरूकडून चेल्याकडे जायचा. लॉरेन्स प्रेस्टन नावाच्या अभ्यासकाने 1987 साली त्यावर लिहिलंय. मुंबई सरकारने एकोणिसाव्या शतकात ते हक्क पुढे चालवायला नकार दिला. उत्तरेत तर 1871 च्या कायद्याने त्यांची गुन्हेगारांसारखी रजिस्टरं ठेवली. हे ऐकून माझी गिऱ्हाईक म्हणाली, “म्हणजे आधी आमच्याकडे कागद होता?” बराच वेळ ती त्यावरच होती.

गुरूचं नाव बापाच्या जागी लावायची चाल त्यातलीच. 2020-21 च्या ग्रामपंचायत निवडणुकीत जळगाव जिल्ह्यातल्या भादलीच्या अंजली पाटील यांचा महिला वॉर्डातला अर्ज फेटाळला गेला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी त्यांना महिला म्हणून उभं राहू दिलं, आणि त्या निवडूनही आल्या. न्यायालयाच्या कागदांत त्यांचं नाव अंजली गुरू संजना जान. बीडच्या पोलिसातल्या ललिता साळवेंचं उलट. त्यांनी 2017 साली शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, मुंबईत न्यायालयाची पायरी चढावी लागली, 2018 साली सेंट जॉर्ज रुग्णालयात उपचार झाले आणि ते ललित झाले. पुढे लग्न, 2024 साली मूल. त्यांच्यामागे डॉक्टरी कागद होते. माझ्याकडे येणाऱ्या पोरीकडे फक्त तिचा शब्द होता.

शब्दावर काम व्हायला लागलं ते नव्या कायद्याने. तृतीयपंथीयांसाठीचा 2019 चा कायदा, 10 जानेवारी 2020 पासून लागू. त्याच वर्षी सप्टेंबरात नियम, नोव्हेंबरात पोर्टल. तेव्हा कलम सहाखाली जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखपत्र मिळायचं, त्यासाठी शस्त्रक्रियेचा दाखला लागत नव्हता, स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरे होतं. ‘तृतीयपंथी’ एवढ्याने न भागता स्त्री किंवा पुरुष असं हवं असेल तर कलम सात, आणि तिथे पुन्हा रुग्णालयाचं पत्र लागायचं. म्हणजे स्वतःच्या शब्दाने अर्धा रस्ता, उरलेला डॉक्टरच्या. निकालात काय म्हटलं होतं आणि कायद्यात काय उतरलं, यावर मोठी माणसं भांडली, आणि बरोबर भांडली. तिने 2022 साली सहाखालीच अर्ज केला. प्रतिज्ञापत्राचा नमुना नियमांतच छापलेला होता. तोवर मी मशीन विकून कॉम्प्युटर घेतला होता. मी टाइप केलं, ‘देते’. या वेळी कुणी काही बोललं नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा कागद आला तो तिने लॅमिनेट करून घेतला, आणि मला मुद्दाम दाखवायला दौंडहून आली.

ते ओळखपत्र दाखवलं की बाकी कागदांवर नाव, फोटो, लिंग बदलून द्यायचं, असं नियम म्हणत होते. आधार झालं. बँक झाली. रेशन कार्डही झालं, दहा वर्षांनी. अडलं ते शाळेत. शाळा सोडून गेलेल्याची जनरल रजिस्टरातली नोंद बदलायची नाही, हा आमच्याकडच्या मुख्याध्यापकांचा पहिलीतला पाढा. वरून विचारून या, मग कळवतो, असं सात महिने चाललं. शेवटी पंचायत समितीतून पत्र आलं आणि 2023 च्या मार्गशीर्षात एका सकाळी ती, मी आणि तिची आई तिच्या गावच्या शाळेत गेलो. आई प्रथमच बरोबर आली होती. व्हरांड्यात पोरं पाढे म्हणत होती, ती हिच्याकडे बघून थांबली आणि बाईंनी टेबलावर पट्टी आपटल्यावर परत सुरू झाली.

कपाटातून रजिस्टर निघालं. 1996 ची पहिलीची पानं. मुख्याध्यापकांनी लाल पेन घेतलं, पट्टी ठेवली आणि जुन्या नावावरून एक बारीक सरळ रेघ मारली. खाली ‘मुलगा’, त्यावर दुसरी. सरकारी खाडाखोड अशीच करायची असते, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला नवं नाव, पत्राचा जावक क्रमांक, तारीख, सही.

ती पुढे वाकून बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, पूर्ण खोडा. रेघेखालून ते जुनं नाव स्पष्ट दिसत होतं, निळ्या शाईत, वळणदार.

“गुरुजींचं अक्षर काय सुरेख होतं,” ती म्हणाली, आणि आईला दाखवायला रजिस्टर तिच्याकडे वळवलं.